भामाबाईचा डावा पाय

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. चप्पल किंवा बूट बनवताना कारागीर ज्या लाकडी पायावर कातडं ताणून बसवतो, त्याला फर्मा म्हणतात. लातूरच्या एका मोठ्या दुकानात, काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर मला ठेवलं आहे. माझ्या डोक्यावर दिवसभर दिवा जळतो. अंगाला चकचकीत पॉलिश आहे. मला पाच बोटं आहेत. मित्रांनो, त्यातली दोन खोटी आहेत.

माझ्या मागच्या भिंतीवर 'सुखचरण' कंपनीचा इतिहास सोनेरी अक्षरांत लिहिला आहे. संस्थापक महादेवप्पा यांना अनवाणी फिरणाऱ्या साधूंकडून प्रेरणा मिळाली, ध्यान आणि निसर्ग यांच्या संगतीत त्यांना पायाच्या आरोग्याचं मर्म कळलं, असं तिथे म्हटलं आहे. शाळेच्या सहली येतात, मुलं ते मोठ्यानं वाचतात आणि मला बघून पुढे जातात. वाचणाऱ्यांचा काय दोष? पण मला राग येतो. त्या भिंतीवर एका बाईचं नाव असायला हवं होतं, आणि ते नाही. म्हणून माझी हकिकत मीच सांगतो.

माझ्या जन्माआधीचा भाग मी केरबाच्या तोंडून ऐकला आहे. केरबा चाकूरजवळच्या एका गावचा चांभार. बाहत्तर सालच्या दुष्काळात गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले. घरात प्यायला पाणी नाही, तिथे नव्या चपला कोण शिवून घेणार? केरबा आणि त्याची बायको भामाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. भर दुपारी ती खडी अशी तापे की बाया पायांना पोत्याचे तुकडे बांधत आणि तरीही चटके बसले की ओरडत. भामाबाई मात्र अनवाणीच पाट्या वाहायची. कपाळावर साधी आठीसुद्धा नसायची.

चांभाराची बायको अनवाणी का, असं तुम्हाला वाटेल. तिला केरबानं चपला करून दिल्या होत्या. पण चालताना पायातली चप्पल कधी निसटून मागे राहिली, हे तिला कळतच नसे. असे जोड हरवत गेले, तेव्हा तिनं चपला घालणंच सोडून दिलं. याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाई हाय का लोखंड! बघा, शिका जरा." भामाबाई पदराआड हसायची. खडीवर वावरून आपले पाय राठ झालेत, असं तिला वाटायचं.

पाऊस पडावा म्हणून त्या वर्षी गावानं वीरभद्राच्या देवळापुढे अग्नी तुडवायचं ठरवलं. मोकळ्या जागेत लांब चर खणायचा, त्यात लाकडं पेटवून निखारे करायचे आणि देवाचं नाव घेत त्यावरून चालत जायचं, अशी तिथली जुनी रीत. माणसं भराभर पावलं टाकत पलीकडे जायची. कुणीतरी म्हणालं, भामाबाईला आग बाधत नाही, तिच्या अंगी सत्त्व आहे, तीच पाऊस आणील. आणि भामाबाई निखाऱ्यांत उतरली. ती धावली नाही. चराच्या मधोमध थांबली, हात जोडले, देवाला पाऊस मागितला आणि सावकाश बाहेर आली. ज्या बाया तिच्या घागरीचा थेंब आपल्या घागरीवर उडू देत नसत, त्या तिच्या पाया पडल्या. केरबाची छाती फुगून आली होती. मला सांगताना तो इथे नेहमी थांबायचा.

पाऊस आला नाही. मग गावानं तिला पुन्हा चालायला लावलं, आणि तीही श्रद्धेनं चालली. पाऊस तेव्हाही आला नाही.

थोड्याच दिवसांत तिच्या पायाला वास यायला लागला. डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. पाया पडलेल्या बायांनीच आता नाकाला पदर लावला. कुणीतरी तिच्या दंडावरचा फिकट चट्टा पाहिला आणि महारोग हा शब्द गावभर झाला. तिला गावाबाहेर, शेताच्या कडेला खोप घालून ठेवायचं ठरलं. केरबानं भांडण केलं नाही. रापी, आरी आणि हातोडी पोत्यात भरली आणि तोही तिच्याबरोबर खोपीत राहायला गेला.

नांदेडजवळच्या दवाखान्यात तिला नेलं, तेव्हा ती दोन बोटं काढावी लागली. रोग गोळ्यांनी बरा होईल, पण मेलेली जाणीव परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे केरबाला कळलं. आग तिला घाबरली नव्हती. आगीची खबर देणारं तिच्या पायात कुणी उरलंच नव्हतं.

तिथल्या नर्सबाईंनी केरबाला रबराचा एक मऊ तुकडा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. आत मऊ स्पंज, खाली टायरचं जाड रबर, वर रुंद पट्टे, टाचेमागे एक पट्टा म्हणजे चप्पल निसटणार नाही. जे काही करायचं ते शिवून आणि चिकटवून. खिळा एकही नाही.

"आणि रोज संध्याकाळी तळपाय बघायचा," त्या म्हणाल्या. "तिला दुखणार नाही, केरबा. तिचा पाय आता तुमच्या डोळ्यांना दुखला पाहिजे."

त्यानंतर माझा जन्म झाला. केरबानं भामाबाईचा डावा पाय कागदावर रेखून घेतला आणि मारोती सुताराकडे नेला. दुष्काळात वाळलेल्या एका बाभळीचं लाकूड मारोतीनं घेतलं आणि मला घडवलं. त्यानं सवयीनं पाच बोटांची जागा ठेवली होती. केरबानं घरी येऊन ती कानशीनं घासून तीन बोटांची केली. अंगठा, त्याच्या शेजारची दोन, आणि पुढे उतरती सपाट कड. घासून झाल्यावर त्यानं मला भामाबाईच्या हातात दिलं.

"आवं, ह्यो तर माझाच पाय की!" ती म्हणाली. तिनं माझ्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चांगला केलाव. पण माझ्याहून गोरा हाय."

माझ्यावर बनलेली पहिली चप्पल दिसायला बेढब होती. पण ती घालून भामाबाई वर्षभर चालली आणि पायाला फोड आला नाही. रोज दिवेलागणीला केरबा तिचा पाय मांडीवर घ्यायचा, तळवा पुसायचा, उजेडाकडे करून बघायचा. बायकोचे पाय मांडीवर घेतो म्हणून येणारे-जाणारे हसत. "हसू द्या," केरबा म्हणायचा. "पाय माझ्या घरचा हाय." मित्रांनो, मी लाकूड आहे. पण त्या वेळी कोपऱ्यात बसून मला वाटायचं, की आपण चांगल्या घरी जन्मलो.

लातूरचे महादेवप्पा या गोष्टीत कसे आले ते आता सांगतो. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांच्या बायकोचं माहेर आमच्या गावचं. सिद्धम्मा तिचं नाव. तिच्या टाचा फार दुखत, सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाय टेकवत नसे. माहेरी आली असता ती खोपीजवळून जात होती आणि तिनं भामाबाईच्या पायातली चप्पल पाहिली. तिनं स्वतःसाठी तशीच करून मागितली. ती घालून ती लातूरला गेली आणि पुढच्याच आठवड्यात महादेवप्पा स्वतः खोपीसमोर उभे राहिले.

"केरबा, हे सोनं हाय, सोनं. तू लातूरला चल. कारखाना घालू. मागं राहायला खोली देतो, पक्की, पत्र्याची. भामाबाईलाबी घिऊन ये." मग त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. "फकस्त एक. ही चप्पल पहिल्यांदा कुणाच्या पायासाठी केली, हे कुणाला सांगायचं न्हाई. लोक दुकानाची पायरी चढणार न्हाईत. आन् भामाबाईनं दुकानाच्या पुढच्या बाजूला यायचं न्हाई."

केरबानं भामाबाईकडे पाहिलं. गावाबाहेरच्या खोपीत राहून ती कंटाळली होती. "नाव काय चाटायचं हाय?" ती म्हणाली. "पाऊस आला की ही खोप गळती. चला."

असं 'सुखचरण' सुरू झालं. सुरुवातीला मी एकटाच होतो, मग माझ्यासारखे, पण पाच बोटांचे पुष्कळ फर्मे आले. दिवसभर उभं राहणारे मास्तर, वाहक, चुलीपुढच्या बाया, गुडघे धरलेली म्हातारी माणसं, सगळे ती चप्पल मागू लागले. महादेवप्पा गिऱ्हाइकाला पायाच्या नसांविषयी, रक्त खेळतं राहण्याविषयी बरंच काही सांगायचे. ते ऐकून केरबा मागे सुईत मेणदोरा ओवता ओवता हसायचा. प्रत्येक जोड तो आणि त्याचे सोबती हातानं शिवत. खिळा कारखान्यात यायचाच नाही. भामाबाईची चप्पल मात्र केरबा एकटाच करायचा, माझ्यावर. आणि संध्याकाळी तळपाय बघायचा. ते दिवस सुखाचे होते, असं मी म्हणेन.

मग लातूरचा जिल्हा होणार, अशी हवा पसरली. तोवर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आता इथे कलेक्टर येणार, मोठी कचेरी येणार, साहेब आणि कारकून येणार. ब्याऐंशीचा पंधरा ऑगस्ट ठरला. गावात रंगरंगोटी सुरू झाली. महादेवप्पांनी चौकात मोठी पाटी लावली, 'नव्या जिल्ह्याची नवी चाल, सुखचरण'. त्या दिवशी दुकान भरलेलं हवं, म्हणून त्यांनी बाहेरून कारागीर आणले. हातशिलाईनं एवढा माल होईना.

"टाचंला खिळे मारा," महादेवप्पा म्हणाले. "शिलाई बास झाली."

केरबा उठून उभा राहिला. "मालक, खिळा नगं. ह्या चपलीत खिळा चालत न्हाई."

"आरं, सगळ्या जगाच्या चपलीत खिळे असत्यात. टोचलं तर गिऱ्हाईक वापस घिऊन यील. ज्याला दुखंल त्यो सांगंल की!"

केरबा परत कामाला बसला. गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते खरंच होतं. ज्याला दुखेल तो सांगेल. त्यानं फक्त एवढं केलं, की भामाबाईची नवी चप्पल आपल्या हातानं बेतली आणि शिवायला म्हणून माझ्यासकट फळीवर ठेवली. तिला सणाला झेंडा बघायला जायचं होतं. लातूरला आल्यापासून तिनं गर्दी पाहिली नव्हती.

तेवढ्यात पुढून हाक आली. नवे साहेब दुकानात आले होते, त्यांच्या पायाचं माप घ्यायचं होतं. केरबा हात पुसत पुढे गेला. मागच्या फळीवर जोडांचा ढीग पडला होता. बाहेरून आलेला एक कारागीर भराभर एकेक जोड उचलत होता, उलटा करत होता आणि टाचेत खिळे ठोकत होता. त्याला आमच्या घरची काय माहिती? त्यानं मलाही उचललं.

मित्रांनो, तो खिळा आधी मला लागला. कारखान्याच्या फर्म्यांना टाचेखाली लोखंडी पत्रा असतो, त्यावर खिळ्याचं टोक वळून बसतं. मी नुसता लाकडाचा. खिळ्याचं डोकं टायरच्या रबरात बुडून दिसेनासं झालं आणि टोक स्पंजमधून सरळ माझ्या टाचेत शिरलं. मी ओरडू शकलो नाही. पुढे मला चपलीतून उपसून काढलं, तेव्हा टोक तसंच वर उभं राहिलं आणि स्पंजनं फुगून त्याला झाकून टाकलं. केरबा परत आला. जोड तयार दिसला, तेव्हा आपल्या सोबत्यानं शिवला असेल असं त्याला वाटलं. नेहमीसारखं त्यानं आत बोट फिरवलं. बोटाला मऊच लागलं. माणसाचा सगळा भार पडल्याशिवाय तो स्पंज दबणारा नव्हता.

पंधरा ऑगस्टला भामाबाई ती चप्पल घालून निघाली. सिद्धम्मानं तिला हिरवं लुगडं दिलं होतं. "चल गं भामा, आज आपला जिल्हा झाला," असं म्हणत तिनं भामाबाईला आपल्याबरोबर नेलं. दोघी दिवसभर फिरल्या. कमानी पाहिल्या, बँड ऐकला, कचेरीपुढच्या गर्दीत उभ्या राहिल्या. भामाबाई परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मी फळीवरून पाहत होतो. तिच्या मागे फरशीवर दर पावलाला एक लाल ठिपका उमटत होता.

"अक्का, लई मजा आली," ती सिद्धम्माला सांगत होती. "इतकी चालले बघा, पण काई दुखलं न्हाई."

त्या संध्याकाळी केरबा दुकानातच अडकला होता. गिऱ्हाइकं हटत नव्हती. पाऊस येऊन गेला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चिखलाच्या पावलांखाली फरशीवरचे ठिपके पुसून गेले. भामाबाई थकून झोपली. दुसऱ्या दिवशीही दुकानात तीच गर्दी, आणि तिसऱ्याही. तळपाय कुणी पाहिला नाही. केरबानं पाहिला तेव्हा पोटरीपर्यंत सूज चढली होती आणि ती तापात बडबडत होती.

पुन्हा नांदेडजवळचा तोच दवाखाना. नर्सबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी चपलीत हात घातला, जोरानं दाबला, आणि बोटाला आलेलं रक्त केरबाला दाखवलं. भामाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जी चप्पल तिच्या पायासाठी जन्मली, तिनंच तिचा पाय नेला.

महादेवप्पा सिद्धम्माला घेऊन दवाखान्यात गेले होते. दारातच उभे राहिले, रडले. केरबा त्यांना एवढंच म्हणाला, "मालक, तिला दुखत न्हाई. ती कशी सांगंल?" हे सिद्धम्मानं परत आल्यावर कारखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर तिनं 'सुखचरण'ची चप्पल पायात घातली नाही. टाचा दुखायच्या, तरी अनवाणी चालायची.

केरबा आपलं सामान न्यायला आला. रापी घेतली, आरी घेतली, हातोडी घेतली. मला उचललं, पालथं केलं, टाचेतल्या भोकावर अंगठा फिरवला. मला वाटलं, नेतोय. मग म्हणाला, "तुला नेऊन काय करू रं? पायच न्हाई राहिला." आणि मला फळीवर ठेवून गेला. त्याचं काही चुकलं नाही. डावा पाय नसलेल्या बाईच्या घरी डाव्या पायाचा फर्मा कशाला? पण इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतरही एकदाच वाटलं.

पुढची कितीतरी वर्षं मी पोत्यात काढली. यंत्रं आली, प्लास्टिकचे फर्मे आले. महादेवप्पा गेले, सिद्धम्मा गेली. धंदा त्यांच्या नातवाकडे आला, शिवलिंग त्याचं नाव. तो पुण्याहून शिकून आला आणि आरोग्य, ध्यान, निसर्ग असं बोलू लागला. त्याला कंपनीच्या इतिहासासाठी काहीतरी जुनं हवं होतं. माळा झाडताना मी सापडलो. हे काय, कुणाचं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. महादेवप्पांनी ते उरू दिलं नव्हतं.

"याची बोटं तुटलीत," शिवलिंग म्हणाला. "नीट करून घ्या." मग रंगाऱ्यानं माझ्या तुटक्या कडेवर लांबी, म्हणजे लाकडातल्या भेगा बुजवायचा लगदा, भरली, दोन सुबक बोटं केली, वरून पॉलिश मारलं. माझा तळवा मात्र खिळ्याच्या भोकासकट तसाच सोडला. मखमलीवर बसवल्यावर तो कुणाला दिसणार होता?

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. पुन्हा दुष्काळ. एका दुपारी कुबडी टेकत एक म्हातारी दुकानात आली. डाव्या बाजूचं लुगडं खाली मोकळं लोंबत होतं. मी तिला लगेच ओळखलं.

विकणारी मुलगी चांगली होती. तिनं म्हातारीला बसायला खुर्ची दिली, राखून ठेवलेल्या बाटलीतलं पाणी दिलं. "आजी, कशी चप्पल दाखवू?"

"उजवीच पाहिजे, बाई. एक मिळंल का?"

"एक नाही देत आजी, जोडच घ्यावा लागतो."

"जोड घिऊन काय करू?" भामाबाई हसली. मग तिनं मान वळवली. "ऐकलं व्हतं, हितं जुना फर्मा ठिवलाय काचंत. माझ्या घरधन्यानं घासलेला. गेले ते औंदा. त्यांच्या हातचं काई राहिलं न्हाई माझ्यापाशी. म्हनलं, डोळ्यांनी बघून यावं."

मुलीनं तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. भामाबाईनं काचेला नाक लावलं. तिच्या श्वासानं काच धूसर झाली, ती तिनं पदरानं पुसली. खूप वेळ पाहिलं. मी जीव एकवटून तिच्याकडे बघत होतो.

"ह्याला तर पाच बोटं हायती," ती म्हणाली.

"हो आजी. आमच्या संस्थापकांनी स्वतः बनवलाय."

"जरा उलटा करून दाव की, बाई."

"किल्ली सरांकडं असते आजी. ते पुण्याला गेलेत."

भामाबाईनं मान हलवली. "जाऊ दे. ह्यो माझा न्हाई. दुसऱ्या कुणाचा तरी असंल." कुबडीचा आवाज दारापर्यंत ऐकू आला, मग रस्त्यावरच्या आवाजात मिसळला. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे कधी काही दुखतं म्हणून सांगत नाही. तुम्ही त्याचं कौतुक करत असाल. कौतुक नंतर करा. आधी त्याचा पाय मांडीवर घ्या आणि उजेडात तळवा बघा. आज बघा आणि उद्याही बघा, घरात सण असला तरी बघा. आणि तुमची सहल कधी या दुकानात आली, तर भिंतीवरचं वाचून झाल्यावर त्या ताईंना एवढंच म्हणा, की हा फर्मा जरा उलटा करून दाखवा.